माळ्यावरचा प्लेस्टेशन २

माळा आवरताना दादाचा प्लेस्टेशन २, म्हणजे टीव्हीला जोडायचा जुना गेम कन्सोल, सापडला. आमच्या सिडकोतल्या घरात आता टीव्हीच नाही, उरला माझा मॉनिटर. त्याला ती पिवळी-लाल-पांढरी पिन लावणार कुठे? एमजी रोडवरून एचडीएमआय कन्व्हर्टर आणला. चित्र आलं, पण रंग पार बिघडलेले. दुकानदाराला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. चूक माझीच निघाली. डिस्क न घालता कन्सोल चालू करायचा, सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये रंग पाठवायची पद्धत आरजीबी असेल ती बदलून वाय-पीबी-पीआर निवडायची. झालं!

आवाज मात्र नाहीच, मॉनिटरला स्पीकर कुठून असणार? कन्व्हर्टरच्या ३.५ मिमी जॅकला हेडफोन लावले. हा कन्सोल बहुतेक गेमसाठी ४८०आय किंवा ५७६आय, म्हणजे जुन्या टीव्हीसाठीचा एकाआड एक ओळी काढणारा सिग्नल देतो; तो काही मॉनिटर घेतच नाहीत. माझा घेतो, पण क्रिकेटच्या गेममध्ये बॅट किंचित उशिरा फिरते. दादा म्हणाला, "तुझी तेव्हाही उशिराच फिरायची."