मागे केलेला हात

मंगळवार, रात्र

रविवारी सकाळी न्हाताना मी वहिनीला हाक मारली.

दोन दिवस तेच डोक्यात आहे. लिहून काढलं तर खाली बसेल असं वाटतंय, म्हणून वही घेतली.

शाम्पू डोळ्यांत गेला होता. केस सगळे पुढे सोडलेले, मान खाली, डोळे गच्च मिटलेले. आणि मी उजवा हात मागे करून म्हटलं, “वहिनी, पाणी.” चुकून तोंडातून निघून गेलं असंही नाही. अगदी खात्रीनं म्हटलं, ती मागे उभी आहे हे ठाऊक असल्यासारखं. हात तसाच मागे धरून थांबले. तांब्या हातात आला नाही तेव्हा कळलं की हे साताऱ्याचं न्हाणीघर नाही. मी पुण्यात, धायरीत आहे, तिसऱ्या मजल्यावर, आणि कडी मीच आतून लावलेली आहे.

मग चाचपडत नळ शोधला.

मोठ्यानं मारली असेल का हाक? बाथरूमच्या खिडकीतून शेजारी ऐकू जातं. पण मला टोचतंय ते शेजारचं नाही. तो हात टोचतोय. तो मागे गेलाच कसा?

मुळात तेलाचंच चुकलं. पावसाळ्यात चिकनगुनिया झाला, सांधे धरले ते सोडले, आणि सगळं संपलं म्हणेपर्यंत केस गळायला लागले. डॉक्टर म्हणाले, मोठ्या तापानंतर असं होतं, पुष्कळसे केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी मिळून गळतात, परत येतील. पटलं. तरी रोज फणीला येणारा पुंजका बघितला की पोटात खड्डा पडतो. म्हणून शनिवारी रात्री तेल जिरवायला बसले. थंडीनं खोबरेल थिजलं होतं. २४ अंशांच्या खाली उतरलं की ते थिजायला लागतं आणि त्या रात्री तर गारठाच होता. बाटली गरम पाण्यात ठेवली, वाटीत अर्धं खोबरेल, अर्धं एरंडेल घेतलं, सगळं डोक्यावर घातलं, वरून गरम पाण्यात पिळलेला पंचा गुंडाळला आणि तशीच झोपले.

अर्धं-अर्धं. वहिनी असंच करते, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आज आठवून आठवून बघितलं. वाटी असायची खोबरेलाची, आणि एरंडेल ती चमच्यानं घालायची. एक चमचा. फार तर दीड. मला ते प्रमाण माहीत नव्हतं, कारण मी कधी बघितलंच नाही. तेल लावून घेताना मी तिच्याकडे पाठ करून बसलेली असायचे.

या वाक्यापाशी पेन ठेवून उठले होते. चहा करून परत आले.

एरंडेलाचा दोष नाही. ते मुळात दाट, चिकट, मधासारखं ओघळणारं. खोबरेल केसात मुरतं. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल शेजारी शेजारी तपासली होती, तेव्हा केसांतली प्रथिनं वाहून जाणं फक्त खोबरेलानं कमी झालं. एरंडेलाचं तसं नाही, ते बरंचसं केसाच्या वरच बसून राहतं. चमचाभर असेल तर चमक देतं. अर्धी वाटी असेल तर केस केसाला चिकटतो.

रविवारी मी थेट नळाखाली डोकं धरलं. पाणी थेंब थेंब होऊन वरून निघून गेलं, केस आतून तसेच. शाम्पू एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा डोळ्यांत गेला आणि ती हाक. त्यानंतर रडू फुटलं आणि रागानं मी अंगाचा साबण घेऊन डोक्याला चोळला. टँकरचं पाणी जड, त्यात साबणाचा फेस होत नाही, नुसती पांढरी राप बसते. ती राप तेलावर बसली. दुपारी केस वाळले तेव्हा टोकं गवतासारखी रखरखीत आणि टाळू मेणचट. उशीच्या अभ्र्याला डाग पडला तो निघाला नाही.

त्या रात्री मी स्वतःला फार केविलवाणं करून घेतलं. माझ्या मागे पाणी घालायला कुणी नाही, ताप आला तेव्हा भात टाकायला कुणी नव्हतं, आई गेल्यावर तर... जाऊ दे. ते सगळं एकदम येतं आणि मला ते लिहायचं नाही. मला हाकेबद्दल लिहायचं आहे. आईला का नाही मारली? दुखलं-खुपलं की माणूस आईला हाक मारतं. माझ्या तोंडात वहिनीचं नाव आलं. जिच्याशी मी दोन वर्षं बोललेले नाही, तिचं.

सह्या झाल्या त्या दिवशी दादाचं आणि माझं काय व्हायचं ते झालं. ती मध्ये बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं हेच मला इतके दिवस लागून राहिलं होतं. ती काय बोलणार होती, आणि कुणाच्या बाजूनं? असो.

सोमवारी घट्ट वेणी घालून, स्कार्फ बांधून ऑफिसला गेले. दुपारी डबा खाताना पलीकडच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, “मॅडम, तेल जास्त झालंय का?” चांगल्या मनानं विचारलं तिनं. शाळेत असताना तेल न लावता, मोकळ्या केसांनी गेलं तर बाई वर्गाबाहेर उभं करायच्या, चापून चोपून दोन वेण्या म्हणजे घरंदाजपणा. आता तेल दिसलं की बाईकडे बघायला कुणी नाही असा अर्थ होतो. तिनं तसं म्हटलं नाही, मीच लावून घेतला.

पण उपाय तिनंच सांगितला. पाणी लावायच्या आधी, कोरड्या तेलकट केसांनाच कंडिशनर चोपडायचा, दहा मिनिटं ठेवायचा, मग भिजवायचं. कंडिशनर तेलात मिसळतो आणि त्याला सोबत घेऊन पाण्यात उतरतो. शाम्पूचंही तेच, आधी पाण्यात पातळ झाला की तेलापर्यंत पोचेस्तोवर त्याचा जोर सरतो. ती सांगत होती आणि माझ्या कानात वहिनी बोलत होती, “मान खाली घाल. पाणी दाखवू नको अजून. आधी पीठ.” तेल जास्त झालं की ती कोरड्या डोक्याला डाळीचं पीठ चोळायची. म्हणजे मला माहीत होतं. रविवारी नेमकं आठवलं नाही. आठवली ती नुसती हाक.

सोमवारी रात्री भीती वाटली ती वेगळीच. मानेच्या वर, डाव्या बाजूला, गाठ लागली. मी रविवारी केस डोक्यावर गोळा करून खसाखसा चोळले होते, वहिनी कधीच तसं करू द्यायची नाही. फोनवर शोधलं तर २०१७ सालची एक वैद्यकीय नोंद सापडली. आपल्याकडचीच वीस वर्षांची मुलगी, लांब केस, खोबरेल आणि एरंडेल लावून धुतले आणि धुता धुता केसांचा दगडासारखा गोळा झाला. शेवटी कापावे लागले. वाचून हात गार पडले. साताऱ्यात वाढलेल्या बाईला जट या शब्दाची धास्ती असते. लहानपणी देवळापाशी डोक्यावर जट वागवणाऱ्या बाया बघितल्यात, देवीचं आहे म्हणून कात्री लावायला कुणी धजायचं नाही. पुढे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरी जाऊन, तासन् तास समजूत घालून, जटा सोडवायला लागले. मान दुखायची त्या बायांची. मला देवीचं भय नव्हतं, कापावे लागतील याचं होतं. गाठीला खोबरेलाचं बोट लावलं (तेलानं आलेल्या गुंत्याला पुन्हा तेलच), आणि टोकाकडून वर येत येत, जाड कंगव्याच्या दोन दातांनी दीड तासात सोडवली.

सोडवताना हिशेब मांडला. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला पंधरा. माझे कमरेपर्यंत, मोजले तर पंचाहत्तरच्या आसपास. म्हणजे टोकं पाच वर्षांपूर्वीची. पाच वर्षांपूर्वी ही टोकं मुळाशी होती आणि त्यांच्यावरून वहिनीचा अंगठा फिरत होता. इकडे येऊन दोन वर्षं झाली. वरचे तीस सेंटिमीटर तेवढे माझे एकटीचे. खालचे पंचेचाळीस तिच्या हाताखालून आलेले आहेत. मी एवढी भांडले, निघून आले, नंबर खोडला, आणि हे रोज पाठीवर वागवत होते.

मग हात मागे गेला तर त्यात नवल ते काय?

हे लिहिलं आणि बरं वाटलं, खरंच. तिला क्षमा केली किंवा माझं चुकलं असं काही ठरलं नाही. पाण्यासाठी जिच्याकडे हात करायचा ती तीच होती, एवढं ठरलं. भांडणाआधीपासून ठरलेलं होतं.

आणि शिकेकाई. सोमवारी रात्री ती शोधायला वरचं कपाट काढलं. टेंपोतून आलेल्या सामानातला एक पत्र्याचा डबा मी उघडलाच नव्हता. वर चिकटपट्टीवर तिचं तिरकं अक्षर: “न्हायची. रिठा नाही.” रिठ्यानं माझे डोळे चुरचुरतात, म्हणून माझी शिकेकाई ती वेगळी दळून आणायची, आवळकाठी, नागरमोथा, वाळवलेली संत्र्याची सालं घालून. दोन वर्षं झाली तरी कीड लागली नव्हती. सामान मी स्वतः भरलं होतं, एकेक वस्तू मोजून. हा डबा मी भरला नव्हता.

रात्रीच भिजत घातली. आज अर्धी रजा टाकली. सकाळी शिकेकाई उकळून पंच्यातून गाळली. केसांचे चार भाग केले. टाळूला कोरडं डाळीचं पीठ, बोटांच्या पेरांनी, एका जागी चोळायचं, फिरवायचं नाही. खालच्या लांबीला कंडिशनर, कारण लांबीत पीठ गेलं की निघता निघत नाही. दहा मिनिटांत पिठाचा रवा झाला, पिवळा, तेल प्यालेला. वर्तमानपत्रावर विंचरून झाडला. मग कोमट पाणी, कढत नाही, केस खाली सोडलेले, वरून खाली एकाच दिशेनं हात. मग शिकेकाई. तिला फेस फारसा येत नाही, हात मात्र सांगतो. दुसऱ्या वेळी केस बोटांखाली करकरले. तो आवाज किती दिवसांनी ऐकला.

या वेळी भरलेला तांब्या आधीच डाव्या हाताशी ठेवला होता.

गच्चीत उन्हात बसून वाळवले. चारला पूर्ण वाळले. टोकं अजून रखरखीत आहेत, ती साबणाची करणी, पुढच्या खेपेला कमी होईल. मानेवरच्या बारीक केसांत थोडं तेल राहिलंच. तिथं आपला हात पोचतो, पण अंगठ्याला जोर येत नाही. उद्या खाली अंबाडा घालीन, दिसणार नाही.

डब्यात आणखी एका न्हाण्यापुरती शिकेकाई उरली आहे.