गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

आमच्या सोसायटीत बारा फ्लॅट आणि गच्चीची किल्ली एक. एप्रिल उजाडला की कुरडया-पापडवाल्यांना ती हवी असते, मध्येच सोलर दुरुस्तीवाला येऊन उभा राहतो आणि किल्ली कोणीतरी नेलेली असते. वही आहे, पण तिच्यातली शेवटची नोंद गेल्या गणपतीतली. तर मी मीटिंगमध्ये बोलून गेले की आपण आरएफआयडी लावू, म्हणजे रेडिओ लहरींनी कार्ड ओळखणारी यंत्रणा. कार्ड दाखवायचं, किल्ली न्यायची, स्क्रीनवर फ्लॅट नंबर येईल. सगळे लगेच "हो हो, कर की" (फुकट आहे म्हटल्यावर विरोध कोण करणार).

अनुभव विचाराल तर आर्डुइनो ऊनोवर (शिकाऊंचा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड) एलईडी लुकलुकवलेला, बस. शनिवारी मेट्रोने मंडईला उतरले, चालत तापकीर गल्लीत गेले आणि आरसी५२२ हा कार्ड वाचणारा रीडर घेऊन आले. निळी छोटी पाटी, सोबत एक पांढरं कार्ड, एक निळा किचेन टॅग आणि पिनांच्या पट्ट्या सुट्ट्या. त्या सुट्ट्या पट्ट्यांनीच माझा अख्खा रविवार खाल्ला.

झालं असं की सोल्डरिंग गन घरात नव्हती, म्हणून पिना नुसत्या भोकांत खोचल्या आणि वायरी लावल्या. रीडरची लायब्ररी (तयार कोड) टाकली, तिच्यातलं डंपइन्फो नावाचं उदाहरण चालवलं, तर स्क्रीनवर कम्युनिकेशन फेल्युअर. मग वायरी तपासल्या आणि पहिली घोडचूक सापडली. बोर्डावर एसडीए लिहिलंय म्हणून मी ती वायर ऊनोच्या ए४ ला घातली होती, कारण ऊनोवर आयटूसीची एसडीए तिथेच असते. पण रीडरची ही चिप आयटूसीही बोलते आणि एसपीआयही (चिपांच्या आपसात बोलायच्या दोन पद्धती), आणि आपली लायब्ररी एसपीआयवर चालते, तेव्हा त्याच पिनेचं काम चिप सिलेक्टचं, म्हणजे कोणत्या चिपशी बोलायचं ते निवडण्याचं. ती जाते ऊनोच्या १० ला, रीसेट ९ ला, मोसी ११, मिसो १२, एससीके १३, आयआरक्यू मोकळी सोडायची. आणि वीज ३.३ व्होल्टच, ५ च्या पिनेवर चुकूनही नाही. (ऊनोचे सिग्नलही ५ व्होल्टचे असतात, त्यामुळे खरंतर मध्ये व्होल्टेज उतरवणारा लेव्हल शिफ्टर हवा, पण बहुतेक जण त्याच्याशिवायच जोडतात आणि चालतं, मीही तसंच केलं, पण ऊनोऐवजी ईएसपी३२ बोर्ड असेल तर तोच वापरा, तो ३.३ चाच आहे.)

वायर बदलली तरी तेच. मग बोर्ड अंगठ्याने जरा तिरका दाबला आणि अचानक फर्मवेअर व्हर्जन ९२ असं आलं! अंगठा काढला, गेलं. ही ओळ लक्षात ठेवा, ९१ किंवा ९२ आलं तर चिप बोलतेय, ०० किंवा एफएफ आलं तर कोड वाचत बसू नका, वायरी बघा. मी कोड वाचत चार तास बसले होते. शेवटी खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकांकडून गन आणली, ते "अगं आठच तर टाके आहेत" म्हणत स्वतःच बसले आणि पाच मिनिटांत आठही पिना चकचकीत. त्यानंतर एकदाही फेल्युअर नाही.

पहिल्यांदा कार्डाचा नंबर उमटला तेव्हा मी ते दहा वेळा तरी दाखवलं असेल. कार्डात बॅटरी नाही, मोबाइलच्या टॉर्चसमोर धरलं तर कडेने फिरलेली तारेची कॉइल दिसते. रीडर १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सोडतो, त्यातून कॉइलमध्ये वीज तयार होते आणि चिप तेवढ्यावर जागी होऊन आपला नंबर सांगते. अंतर मात्र तीन-चार सेंटीमीटरच. काकांनी लगेच विचारलं, मग माझा फास्टॅग चालेल का यावर? नाही चालणार, तो ८६५ मेगाहर्ट्झच्या वरचा, म्हणून तर टोलनाक्यावर लांबून वाचला जातो. मग त्यांनी फोन लावला, नंबर आला, परत लावला तर दुसराच! फोन दर वेळी नवा तात्पुरता नंबर देतो, ०८ ने सुरू होणारा, त्यामुळे फोनला चावी करायचा बेत तिथेच बारगळला.

कोडात दोन ठिकाणी अडकले. नंबर हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ वापरून) छापताना आर्डुइनो पुढचं शून्य गिळतो, ०ए चं नुसतं ए होतं, आणि मी अक्षरं जुळवत होते म्हणून फ्लॅट ५ चं कार्ड कायम अनोळखी. सरळ चार बाइट एकेक करून जुळवा. दुसरं म्हणजे वाचून झाल्यावर कार्डाला हॉल्ट, म्हणजे थांब, सांगायचं, नाहीतर एकच कार्ड धडाधड नोंदवलं जातं. किल्ली कोणाकडे हा एक बाइट ऊनोच्या इप्रोम नावाच्या कायमच्या मेमरीत ठेवला, लाइट गेली तरी राहतो.

आणि हो, ही कार्डं मायफेअर क्लासिक जातीची, त्यांचं क्रिप्टो-१ कुलूप संशोधकांनी २००८ पर्यंत फोडलंय, शिवाय मी फक्त नंबर बघतेय आणि नंबर कॉपी करता येतो. गच्चीच्या नोंदीला चालेल, घराच्या दाराला मी हे लावणार नाही.

बसवताना शेवटचा घोळ. किल्लीची पेटी लोखंडी, तिच्यावर रीडर चिकटवला आणि सगळं मुकं झालं, कारण पत्रा ते क्षेत्रच खाऊन टाकतो. मध्ये प्लायवुडचा तुकडा घातला तेव्हा परत वाचायला लागला. निळा टॅग किल्लीला बांधला, पण किल्ली टॅगला चिकटून असली की तोच त्रास, म्हणून दोघांत वीतभर दोरी बांधली.

काल संध्याकाळी बघितलं तर स्क्रीनवर "किल्ली पेटीत". पेटी उघडली. आत खिळ्याला निळा टॅग लटकतोय, खाली वीतभर दोरी, आणि तिची गाठ कोणीतरी अगदी व्यवस्थित सोडलेली.