आमची वाटचाल : रेटिनोस्कोप, काका आणि ते फुकट शिबिर

विद्यापीठातल्या पोरापोरींचे डोळे तपासणं हे सोपं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात आमच्या खुर्चीशेजारी उभं राहून बघावं. नंबर आत्ता पाहिजे, चष्मा संध्याकाळी पाहिजे आणि डोकं कधीपासून दुखतंय विचारलं की "असंच, अधूनमधून."

सुरुवातीला आमच्या चष्म्याच्या दुकानात एक ट्रायल बॉक्स (नंबर काढायच्या भिंगांची पेटी), भिंतीवर स्नेलनचा अक्षरांचा चार्ट, एक सेकंडहँड स्ट्रीक रेटिनोस्कोप (डोळ्यात उजेडाची पट्टी टाकून नंबर काढायचं हातातलं यंत्र) आणि मागच्या खोलीत काका, एवढंच होतं. काका माझे पार्टनर, नात्यातले नाहीत, पण फिटिंगमध्ये त्यांचा हात कोणी धरणार नाही. काचेच्या कडा घासणारं एजर मशीन बिघडलं की ओल्या दगडावर हाताने काच घासून बेव्हल, म्हणजे कडेची धार, काढायचे आणि फ्रेममध्ये अशी बसवायचे की कडेला उजेड दिसत नसे.

रेटिनोस्कोप मात्र माझा, त्याला अजून दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. खोलीत अंधार करायचा, उजेडाची पट्टी बाहुलीवरून सरकवायची, आतली लाल चमक पट्टीसोबत जाते का उलटी हे बघत भिंगं बदलत जायचं आणि अख्खी बाहुली एकदम उजळली की थांबायचं, मग हातभर लांबून बघतो म्हणून दीड नंबर वजा. पेशंटला काहीच विचारावं लागत नाही. आणि कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, शंकूसारखा पुढे यायला लागला असेल तर हीच चमक कात्रीसारखी उघडझाप करते. दर सहा महिन्यांनी सिलिंडर (तिरपा नंबर) वाढणारी, सतत डोळे चोळणारी पोरं मी अशीच पकडून कॉर्नियाच्या डॉक्टरांकडे पाठवलीत, कॉर्निया घट्ट करणारं क्रॉसलिंकिंग वेळेत झालं तर तो आजार बहुतेक वेळा तिथेच थांबतो.

पहिली काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग ते शिबिर आलं.

चष्म्याच्या दुकानांची एक मोठी चेन, नाव घेत नाही. कॅम्पसच्या हॉलमध्ये फुकट तपासणी, रांगेत उभं राहा, ऑटोरेफमध्ये (आपोआप नंबर काढणारं मशीन) बघा, चिठ्ठी घ्या, फ्रेम निवडा. फर्स्ट इयरची तपासणी तोवर आमच्याकडे होती, ती एका ओळीच्या ईमेलने गेली. आभार वगैरे पण नाही. आमचं काउंटर ओस पडलं, लेन्सवाल्याची उधारी थकली, भाडं थकलं आणि एकदा तर ट्रायल बॉक्ससाठी गिऱ्हाईक पण बघून झालं होतं.

आता जो या धंद्यात आहे त्याला सांगायला नको, पण विशीतल्या डोळ्यात फोकस करायची दहा-बारा डायॉप्टरची, म्हणजे तेवढ्या नंबराची, ताकद असते. डोकं मशीनला टेकवलं की डोळा जवळचं बघितल्यासारखा आवळतो आणि मशीन मायनस जास्त दाखवतं. त्यात रात्रभर स्क्रीनवर वाचून आलेला पोरगा असेल तर विचारूच नका. तोच नंबर तसाच चष्म्यात टाकला तर पोरगं खूशच होतं, अक्षरं काळीभोर दिसतात ना! डोकं चढतं ते आठवड्याने. म्हणून मी विचारतो, अक्षर स्पष्ट झालं का नुसतं बारीक आणि काळं झालं? लाल-हिरव्या पट्ट्यांवरच्या अक्षरांत हिरव्यावरचं जास्त ठळक दिसतंय म्हणाला की मी मायनस कमी करतो.

घर चालवायला काका तेव्हा रात्री बाहेरचं फिटिंग घ्यायचे, आणि एका एजंटमार्फत त्यांच्याकडे नेमक्या त्याच शिबिराच्या फ्रेमा आल्या. चिठ्ठ्या चाळता चाळता काकांनी मला हाक मारली. सगळ्यांचा पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, 62 मिलिमीटर. पोरगी असो, सहा फुटी पोरगा असो, 62. काका म्हणाले, "सगळे एकाच आईचे दिसतायत." पीडी चुकला की काचेचं सेंटर सरकतं, नंबर जास्त असेल तर प्रिझम तयार होतो, म्हणजे उजेड बाजूला वळतो, आणि डोळे दिवसभर एकमेकांशी भांडत बसतात. ते ज्यांना सांगायचं त्यांना आम्ही जाऊन सांगितलं, "बघतो" म्हणाले. अजून बघतायत.

आम्हाला वर काढलं ते लॉ करणाऱ्या एका मुलीने. शिबिराचा मायनस सव्वाचा चष्मा, रोज दुपारी कपाळ धरून बसायची. रेटिनोस्कोपवर मला मायनस दिसेचना, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फोकस सैल करणारे ड्रॉप टाकून तपासायला पाठवलं, तर नंबर निघाला प्लस अर्धा. म्हणजे चष्म्याची गरजच नव्हती! मी तिला काही विकलं नाही, वाचताना मध्ये मध्ये लांब बघ म्हणून घरी पाठवलं. तिने आधी रूममेटला आणलं, मग मजल्यावरच्या सगळ्यांना, आणि आज ती शिकवते तरी नवीन बॅचला आमचाच पत्ता देते. आमची सगळी जाहिरात एवढीच.

पुढे त्या चेनचं ऑटोरेफ विकायला निघालं तेव्हा आम्हीच घेतलं. सुरुवातीचा अंदाज घ्यायला मशीन चांगलं आहे, वाकडं काय ते वापरणाऱ्यात होतं.

आता विषय निघालाच आहे तर ऐका. ब्लू लाइट अडवणाऱ्या काचेसाठी जादा पैसे देऊ नका, 2023 च्या कोक्रेन रिव्ह्यूत (अनेक अभ्यास एकत्र तपासून केलेला आढावा) तिने डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही दिसलं नाही. स्क्रीनवर पापण्या कमी मिटतात, डोळे त्याने कोरडे पडतात, काच त्याला काय करणार? कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्याने धुऊ नका आणि लावून आंघोळ करू नका, पाण्यातला अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव कॉर्नियात शिरला तर महिनोन्महिने उपचार चालतात. आणि नंबर काढायला येताना जुना चष्मा घेऊन या रे बाबांनो, काचेचा नंबर मोजणाऱ्या लेन्सोमीटरवर तो लावला की आधी कोणी काय उद्योग करून ठेवलेत ते कळतं.