बाईंचा वार्ताफलक

आपल्या कॉलेजच्या कार्यक्रमासाठी माजी विद्यार्थ्यांची मनोगतं मागवणाऱ्या समितीच्या पत्रात दोन सूचना आहेत. मनोगत पाचशे शब्दांत असावं आणि त्यात सर्व गुरुजनांचा उल्लेख यावा. सरकारी नोकरीत सूचना पाळायची सवय अंगवळणी पडली आहे, तरी या दोन्ही काही माझ्याच्याने पाळल्या जाणार नाहीत. अर्थशास्त्राच्या सरांनी अवघड विषय सोपा करून सांगितला, इंग्रजीच्या सरांनी माझी स्पेलिंगं घासून घासून सुधारली, प्राचार्यांनी फीची मुदत वाढवून दिली. सगळ्यांना मनापासून नमस्कार. आता मी बाईंवर लिहितो.

कोणत्या बाई हे सांगायला नको. स्टाफरूममध्ये आणखीही मॅडम होत्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की इतिहासाच्या बाई. लुनावरून येणाऱ्या, पदराला कायम खडूची पूड, पर्समध्ये रंगीत खडूंची स्वतःची डबी. कॉलेजचे खडू ठिसूळ निघतात म्हणून सोलापूरहून स्वतःच्या पैशाने आणायच्या. इतिहास त्या छानच शिकवत असणार. माझे मार्क पाहता मी त्यावर न बोललेलं बरं. मला त्यांनी जे दिलं ते वर्गाबाहेर, ग्रंथालयाच्या जिन्याखाली असलेल्या वार्ताफलकापाशी.

सूचनाफलक वेगळा, तो कार्यालयाचा. फी, परीक्षा अर्ज, गैरहजेरी असल्या गोष्टी त्यावर. वार्ताफलक बाईंचा. डाव्या बाजूला ‘महाविद्यालय’, उजव्या बाजूला ‘गाव’, खाली आडव्या पट्टीत ‘उद्या’. अक्षर बरं म्हणून मला फर्स्ट इयरलाच तिथे उभं केलं गेलं आणि पुढे १९९४ ला बी. ए. होईपर्यंत तिथून सुटका झाली नाही. सकाळी पहिल्या एस.टी.ने आलेला ‘संचार’ पेपर बाई वाचून ठेवायच्या, पण त्यातलं फलकावर काही घ्यायच्या नाहीत. “ते लोकांनी वाचलंय. आपलं काय आहे ते सांग.” मग आपलं काय ते गोळा करायला आम्ही फिरायचो. युवा महोत्सवाला गेलेली एकांकिका कोणत्या फेरीत अडली, एन.एस.एस.चं शिबिर कोणत्या गावाला, ग्रंथालयात नवी पुस्तकं कोणती आली, क्रिकेटच्या संघातून कोणाला वगळलं आणि का. त्या काळी आपला जिल्हा शिवाजी विद्यापीठात होता. निकाल, वेळापत्रक, सगळं कोल्हापूरहून टपालाने यायचं आणि टपाल फुटलं की कार्यालयातले मामा आधी फलकापाशी येऊन बाईंच्या कानावर घालायचे. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं ते २००४ साली. आमच्या गुणपत्रिकांवर कोल्हापूरचाच शिक्का आहे.

प्रत्येक बातमीच्या शेवटी कंसात दोन गोष्टी हव्यातच: कोणी सांगितलं आणि किती वाजता. ‘(कार्यालय, ११.१५)’. ‘(क्रीडा विभाग, काल सायंकाळी ६)’. त्याशिवाय बाई बातमी फळ्यावर चढू द्यायच्या नाहीत. आम्हाला हा निव्वळ जाच वाटायचा. कॉलेजच्या फळ्यावर कोण एवढं बघतंय, असं एकाने म्हणूनही पाहिलं. बाईंनी त्याला गुरुवारी जिन्यापाशी थांबायला सांगितलं. गुरुवार म्हणजे बाजाराचा दिवस. आडत दुकानातले हमाल, एस.टी. चुकलेले पाहुणे, मुलीच्या कॉलेजात सहज डोकावलेले वडील, अशी माणसं येऊन उजवी बाजू वाचत उभी राहायची. उजव्या बाजूला बाजारसमितीचं लिलावाचं वेळापत्रक असायचं, नळाला पाणी कधी येणार ते असायचं आणि बहिःशाल व्याख्यानमालेचं आमंत्रणही.

बहिःशालची व्याख्यानं संध्याकाळी हॉलमध्ये व्हायची, गावासाठी. दुसऱ्या दिवशी त्याचा वृत्तांत फलकावर यायचा आणि त्याचं प्रमाण बाईंनी ठरवून दिलेलं होतं. वक्त्यांचं कौतुक एका ओळीत, ते काय बोलले ते दोन ओळींत आणि लोकांनी काय विचारलं ते उरलेल्या सगळ्या जागेत. ‘जमिनीतील पाणी’ या विषयावरच्या व्याख्यानाला एका शेतकऱ्याने उठून विचारलं होतं, “साहेब, शेजाऱ्याने माझ्या बांधाला लागून बोअर मारलं तर माझ्या विहिरीचं पाणी त्याचं होतं का माझं?” वक्त्यांचं उत्तर लांबलचक आणि गोलमाल होतं. बाईंनी प्रश्न आख्खा लिहायला लावला आणि उत्तरापुढे ‘समाधान झाले नाही’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं. वक्ते तेव्हा प्राचार्यांकडे चहा घेत होते. जाताना त्यांनी ते वाचलं आणि हसले, हे त्यांच्या मोठेपणाचं.

त्याच वर्षी कॉलेजात मंत्री येऊन गेले आणि त्याच आठवड्यात ग्रंथालयातले शिपाई मामा निवृत्त झाले. फलकावर मंत्र्यांना तीन ओळी आणि मामांना सात. कोणतं कपाट कोणत्या किल्लीने उघडतं आणि कोणत्या पुस्तकाची पानं कोणी फाडली हे त्यांना तोंडपाठ होतं, असं सगळं त्यात होतं. प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं. मी खडूची डबी धरून दाराबाहेर होतो. आतून बाईंचा आवाज आला, “सर, मंत्री परत येतील. मामा उद्यापासून यायचे नाहीत.”

पण ज्या दिवसासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तो दिवस ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून लोक रात्री उशिरा झोपलेले आणि पहाटे चारला पाच मिनिटं कमी असताना जमीन हलली. आपल्या गावात भिंतींना चिरा गेल्या, मांडणीवरची भांडी खाली आली, माणसं अंगणात आली. लातूर-उस्मानाबादकडे काय झालं ते तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हतं. दहा वाजेपर्यंत कॉलेजच्या आवारात निम्मं गाव जमलं होतं, कारण आपल्याकडे फोन होता आणि फलक होता.

फोन लागत नव्हता. अफवा मात्र भराभर येत होत्या. माकणीचं धरण फुटलं, तेरणाकाठची गावं वाहून गेली, दुपारी बारा वाजता आणखी मोठा धक्का बसणार आहे, तसं रेडिओवर सांगितलं. गावातले एक वजनदार गृहस्थ फलकापाशी आले आणि बाईंना म्हणाले, धरणाचं लिहा, लोकांना सावध केलं पाहिजे. बाईंनी विचारलं, “कोणी पाहिलं?” ते म्हणाले, “सगळे म्हणतायत.” बाई म्हणाल्या, “सगळ्यांतला एक माणूस इथे आणा, त्याचं नाव कंसात घालते.” ते चिडले. शिकलेल्या बाईला वेळेचं गांभीर्य नाही, असं सगळ्यांसमोर बोलले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझ्या हातात खडू दिला आणि सांगायला लागल्या.

‘पहाटे ३.५६ ला भूकंप. आपल्या गावात जीवितहानी नाही (नगरपालिका, ९.३०). उमरग्याच्या पुढे मोठे नुकसान, घरे पडली आहेत (ट्रकचालक, हैदराबाद रस्ता, १०.१०). धरण फुटल्याचे पाहणारा कोणीही भेटलेला नाही (१०.४०). पुढच्या धक्क्याची वेळ कोणालाही आधी सांगता येत नाही.’

शेवटच्या ओळीपुढे कंस नव्हता. मी विचारलं, हे कोणी सांगितलं लिहू? बाई म्हणाल्या, “भूगोलाच्या पुस्तकानं. लिही.” आणि मी तसं लिहिलं. त्या गर्दीत दोन-चार माणसं हसली. सकाळपासून पहिल्यांदाच कोणी हसताना दिसलं.

माझ्या बाकावर बसणारा एक मुलगा सास्तूरकडचा होता. तो फळ्यासमोरून हलत नव्हता. कोणीतरी त्याला म्हणालं, तुमचं गाव सपाट झालंय म्हणे. बाईंनी त्या माणसाला सरळ फाटकाबाहेर काढलं. मग फळ्याच्या उजव्या बाजूला आडव्या ओळी आखून गावांची नावं लिहायला घेतली आणि प्रत्येकापुढे जागा मोकळी सोडली. जसजसा कोणी तिकडून आला, ट्रकवाला, एस.टी.चा कंडक्टर, मोटारसायकलवरून गेलेली आपलीच मुलं, तसतशी एकेक जागा भरत गेली. सास्तूरची ओळ संध्याकाळपर्यंत रिकामी होती. दिवेलागणीला आपलाच एक माजी विद्यार्थी तिथून परत आला. बाईंनी त्याला बाजूला घेतलं, मग त्या मुलाला जवळ बोलावून आधी त्याला सांगितलं आणि मगच फळ्यावर लिहिलं. त्याचा थोरला भाऊ शेतात झोपायला गेला होता म्हणून वाचला होता. घरातल्या बाकीच्यांवर माळवद आलं होतं. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद, अशीच घरं त्या भागात होती आणि हजारो माणसं त्याखालीच गेली.

दुसऱ्या दिवशी एन.एस.एस.ची तुकडी निघाली तेव्हा ‘उद्या’च्या पट्टीत दोन याद्या होत्या. हवे: ब्लँकेट, कंदील, मेणबत्त्या, घागरी, चटणी-भाकरी. नको: फाटके कपडे, बघे. तरी लोकांनी जुन्या कपड्यांची गाठोडी आणलीच. ती बाईंनी ठेवून घेतली नाहीत. आम्ही नळदुर्गवरून पुढे उमरग्याच्या बाजूला गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेला टाकून दिलेल्या तशाच कपड्यांचे ढीग पाहिले. तिथे काय पाहिलं ते मी कधी कुठे लिहिलेलं नाही, इथेही लिहिणार नाही.

आज मी महसूल खात्यात उपजिल्हाधिकारी आहे. ही जागा बढाईसाठी नाही हे मला कळतं, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मी सांगलीला होतो, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट; त्या वेळी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. रात्री-अपरात्री फोन यायचे, साहेब, कोयनेच्या भिंतीला तडा गेलाय म्हणे. व्हॉट्सअॅपवर कुठल्यातरी परदेशातल्या धरणाचा व्हिडिओ कोयनेचा म्हणून फिरत होता. मी कक्षातल्या पोरांना एकच शिस्त लावली: आपण बाहेर पाठवू त्या प्रत्येक ओळीपुढे कंस असेल, कोणी मोजलं आणि किती वाजता. आणि जे माहीत नाही तेही वेळ घालून लिहायचं, ‘अमुक गावाशी संपर्क नाही, रात्री २.१०’. एक तरुण अभियंता म्हणाला, सर, संपर्क नाही हे जाहीर केलं तर लोक घाबरतील. त्याला मी सांगितलं, रिकामी ओळ दिसली की कोणीतरी तिकडे बोट घेऊन जातं. ओळच नसली तर कोणी जात नाही. ते वाक्य माझं नाही हे मी त्याला सांगितलं नाही. नंतर त्या पत्रकांचं वरिष्ठांनी कौतुक केलं, प्रशस्तिपत्रही मिळालं. त्याची प्रत मी बाईंना पाठवली. त्यांनी फोन करून त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या.

गेल्या वर्षी बढतीचा सत्कार म्हणून कॉलेजात बोलावलं होतं. इमारत देखणी झाली आहे, ग्रंथालयात संगणक आहेत, मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त दिसली, याचा खरंच आनंद वाटला. जिन्याखाली मात्र सेल्फी पॉइंट आहे. थर्माकोलचे पंख लावले आहेत, मधे उभं राहून फोटो काढायचा. बातम्या आता ग्रुपवर असतात. त्या मी वाचल्या. प्रत्येक कार्यक्रम मोठ्या उत्साहात पार पडलेला, प्रत्येक पाहुणा अनमोल मार्गदर्शन करून गेलेला. नॅकच्या मूल्यांकनासाठी लागतात म्हणून फोटोंवर अक्षांश-रेखांश छापलेले. कार्यक्रम पृथ्वीवर नेमका कुठे झाला ते समजतं, पण तिथे कोणी काय विचारलं ते सापडत नाही. गावाचं तर त्यात काहीच नाही. फाटकावर आता ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही, त्यामुळे गुरुवारी आत कोण येणार? प्राध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही, निम्मे तासिका तत्त्वावर आहेत आणि उरलेल्यांचा दिवस फायली भरण्यात जातो. हे सगळं कळूनही वाईट वाटायचं राहत नाही.

बाई आता मुलीकडे असतात. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव ‘विशेष उपस्थिती’च्या यादीत, दहा-बारा नावांच्या पोटात आहे. ते वर घ्यावं ही समितीला विनंती. दुसरी विनंती फलकाची. काळा फळा, चार बाय आठ, सेल्फी पॉइंटच्या जागी आणि आठवड्यातून एकदा तरी बाजारच्या दिवशी फाटक उघडं. फळ्याचे पैसे मी देतो, वर्षभराच्या खडूंचेही. फक्त त्यावर ‘यांचेकडून सप्रेम भेट’ म्हणून माझं नाव रंगवू नका. तेवढ्या जागेत नळाला पाणी कधी येणार ते मावेल.