खिंडसीच्या काठावर एसी बंद पडला तेव्हा

डिसेंबरात बघायला गेलं तर कुठलीही कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, आवडते. म्हणून आम्ही मुद्दाम मे महिन्यात निघालो. नागपुरात पारा ४५ च्या आसपास. गल्लीतले भाऊ म्हणाले, "येडे झाले का राजेहो?" गाडी विकायला काढलेली, टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली. मालकाला म्हटलं, दोन दिवसांचं भाडं घ्या, पण आधी तिच्यात झोपू द्या. तो कुरकुरला, पण तयार झाला.

मी, बायको आणि बाबा. कामठी, कन्हान, मनसर, मग उजवीकडे रामटेक. मनसरच्या अलीकडे गतिरोधकावर ओट्याखालचा ड्रॉवर सटकन उघडला आणि चिवडा गाडीभर. खटका होता, पण तो नीट बसतच नव्हता. उभ्या गाडीत हे कसं कळणार? परतेपर्यंत शेंगदाणे सापडत होते.

संध्याकाळी रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर पोचलो. पाण्यावरून वारा येईल असं वाटलं होतं, आली ती वाफ. आठला एसी लावला. नऊ वाजून दहा मिनिटांनी इन्व्हर्टर किंचाळला आणि सगळं गार... म्हणजे गरम. मग मोबाईलवर हिशोब मांडला. १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या म्हणजे कागदावर २४०० वॅट-तास. लेड-अ‍ॅसिड असतील तर त्यातले निम्मेच वापरावे, नाहीतर बॅटरी लवकर मरते. एक टनी एसी हजारेक वॅट ओढतो. मालकाने "रात्रभर चालतो भाऊ" असं छातीठोक सांगितलं होतं, मी मानही डोलावली होती! गुणाकार नागपुरातच करायला हवा होता. रात्र काढली ती छतावरच्या छोट्या पंख्यावर, जाळीच्या खिडक्या उघड्या टाकून. त्या जाळ्या मात्र उत्तम निघाल्या, एक डास आत आला नाही. गादीची मापं विचारण्याआधी खिडक्या आणि जाळ्या बघा, हे मी आता कोणालाही सांगतो.

सकाळी पाणी संपलं. टाकी ६० लिटरची, आणि बाबांची आंघोळ बादलीभर, त्यात तडजोड नाही. मोठी टाकी बसवू म्हटलं तर एक लिटर म्हणजे एक किलो, ते वजन मागच्या चाकांवर. संडासाची पेटी कुठे रिकामी करायची, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. ढाब्यावर परवानगी मागताना माझा जो चेहरा झाला, तो बायको अजून करून दाखवते.

दुसरी रात्र पेंचच्या जंगलाकडे, सिल्लारीजवळ. एका रिसॉर्टवाल्याने आवारात उभं राहू दिलं आणि १५ अँपिअरचा पॉइंट दिला. त्या रात्री आम्ही माणसांसारखे झोपलो. म्हणजे गाडी वाईट नव्हती, तिला खुंटा लागतो. जिथे प्लग मिळेल तिथेच उन्हाळ्याचा मुक्काम, हे मान्य असेल तरच घ्यावी.

परतल्यावर आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, मागितली. आसनसंख्या १३, गाडीत खुर्च्या चार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा फेरफार मंजुरीशिवाय चालत नाही, आणि अपघात झाला की विमावाले आधी आरसीच बघतात. मालक म्हणाला, "करून देऊ ना." म्हटलं, आधी करा, मग टोकन. लायसन्सची चिंता नव्हती, एकूण वजन ७५०० किलोच्या आत असलं की खासगी गाडीला कारचंच चालतं.

बाबा हे सगळं ऐकत दारात उभे होते, एक हात मुठीवर, एक पाय हवेत, पायरी शोधत. गुडघ्याच्या उंचीची ती पायरी दोन दिवस आमच्यापैकी कोणालाच दिसली नव्हती.

"कागदं राहू द्या," ते मालकाला म्हणाले, "हे सहा इंच खाली करून दे बाप्पा. मले रोज उतरा लागते."

गाडी अजून त्याच्याच गॅरेजात आहे. पायरी झाली म्हणतो. आरसी बाकी आहे.