स्लो करून लावलंस काय?

गुरुवार, रात्री उशिरा

ओम्या सकाळी आंघोळीला गेला आणि आतून ते गाणं गायला लागला. आधी वाटलं, माझ्याच डोक्यात वाजतंय. मग बादली सरकल्याचा आवाज, मधेच "आई, टॉवेल!" अशी आरोळी, आणि परत तीच ओळ. तेवढी एकच. चढ्या आवाजात, भराभरा, कुणीतरी मागे लागल्यासारखी.

बाहेर आल्यावर विचारलं, हे कुठनं शिकलास? "रीलवर आहे की. सगळेच करायलेत." पूर्ण ऐकलंस का कधी? तर म्हणतो, "एवढंच आहे ना?"

मग मी फोनवर मूळ गाणं लावलं. त्यानं केस पुसत पुसत जरा वेळ ऐकलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, "आत्या, तू स्लो करून लावलंस काय गं?"

एवढंच झालं. लिहायला घेतलं तर अर्ध्या पानातच संपलं. पण दिवसभर मी कुणाशी धड बोलले नाही. ऑफिसात भलत्यावरच राग निघाला. ते जाऊ दे.

संध्याकाळी बाबांची पेटी काढली. भाता गळतो, मधली एक पट्टी दाबली की वर येत नाही, पण सूर बघण्यापुरती चालते. मूळ गाणं काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात आहे, हे मला झोपेतही सांगता येईल. ओम्याच्या रीलमधलं लावून सूर शोधला तर तो निघाला पांढरी चार. म्हणजे सव्वापट वेगानं पळवलंय. वेग वाढवला की सूर आपोआप वर जातो, जुन्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट जोरात फिरायची तेव्हा व्हायचं तसंच. सव्वापटीला काळ्या-पांढऱ्या मिळून जवळजवळ चार पट्ट्या. तो दमलेला, जाड, मधे मधे श्वास लागणारा आवाज होता, त्याचा पार शाळकरी पोरगा करून टाकलाय. आणि ओम्याच्या कानाला तेच खरं वाटतंय. त्याच्या दृष्टीनं मूळ गाणं ही कुणीतरी केलेली खोडी.

मला नक्की कशाचा त्रास होतोय, हे अजून सापडत नाहीये. गाणं बिघडवलं, याचा? थोडासा. पण खरं सांगायचं तर ओम्यानं ते मूळ वेगात, पाठ करून, अगदी सुरात म्हटलं असतं तरी मला आवडलं नसतं. मग दुखतंय ते काय?

हे गाणं मला सुप्रीनं दिलं. ती पुण्याला गेली त्या वर्षी. तेव्हा ते गाणाऱ्या पोराला ऐकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, मेसेज केला की तो स्वतः उत्तर द्यायचा, तेही शुद्धलेखनाच्या चुकांसकट. इथे सोलापुरात, सात रस्त्याच्या सिग्नलला रिक्षात एका कानात इअरफोन घालून मी ते ऐकलंय. दुसरा कान मोकळा, कारण घरून फोन यायचा. तेव्हा घरून सतत फोन यायचे. त्याबद्दल आज नको.

या गावात त्या गाण्याबद्दल बोलायला कुणी नव्हतं. आपल्याकडे गाणं म्हणजे मिरवणुकीतलं. स्पीकरची भिंत घरासमोरून जाते तेव्हा स्टीलच्या डब्यांची झाकणं थरथरतात, आई देवघरातली समई हातानं धरून उभी राहते. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा कागदावर २००० सालापासून आहे, ती कागदावरच आहे. शेजारच्या पद्मशाली काकूंकडे सकाळी तेलुगू गाणी, खालच्या दुकानात कन्नड, पलीकडे कव्वाली. कसलीच उणीव नाही. फक्त माझं तेवढं कुठेच वाजायचं नाही. पुण्यात त्याचे कार्यक्रम व्हायचे, पण हुतात्मा एक्सप्रेस पुण्याहून निघते संध्याकाळी सहाच्या सुमारास आणि यांचे कार्यक्रम सुरूच होतात आठनंतर. म्हणजे मुक्काम आला. मुक्काम म्हटलं की आईचं, एकटीनं कशाला. सुप्री तिथेच होती तरीही. सुप्रीनं एका कार्यक्रमाच्या रात्री तिथून व्हिडिओ पाठवला होता, मी तो उघडलाच नाही कितीतरी दिवस.

असं सगळं सोसून मी ते गाणं जपलं, असं काहीतरी मला म्हणायचं आहे बहुतेक. आणि आता ते फुकटात ओम्याच्या तोंडात.

(हे वाक्य वाचलं आणि माझं मलाच हसू आलं. जपलं म्हणे. जसं काही पितळेचं भांडं.)

सैराटच्या वेळी काय झालं होतं? २०१६चा एप्रिल. दिग्दर्शक आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, बोली आपली, आणि गाणी वाजवायला अजय-अतुल थेट अमेरिकेत गेले, हॉलिवूडमध्ये भलामोठा वाद्यवृंद बसवून थाटात रेकॉर्डिंग केलं. त्या उन्हाळ्यात एकही वरात झिंगाटशिवाय निघाली नाही. पुढे हिंदीत गेलं, कन्नडमध्ये गेलं. तेव्हा मला एकदा तरी वाटलं का, की हे आमचं आहे, तुम्ही लांब राहा? उलट पुण्यामुंबईचं कुणी नाचताना दिसलं की मी फुशारून सांगायची, आमच्या जिल्ह्यातलं आहे. जितकं पसरेल तितकं ते जास्त आपलं वाटत होतं. आणि डीजेवाल्यांनी त्यातल्या व्हायोलिनचा चेंदा करून नुसता दणका शिल्लक ठेवला, त्याबद्दल मी एक शब्द काढला नाही. नाचतच होते मी पण.

मग या पोराच्याच गाण्याला वेगळा न्याय का?

बरं, सिनेमातलं नाही म्हणून ते मोजक्यांचंच असतं, असंही नाही. आई भाजी निवडताना जी भावगीतं गुणगुणते ती कुठल्या सिनेमातली आहेत? गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, आठवड्याला एक गाणं, अशी छप्पन्न. लोक रेडिओला हार घालायचे. तेव्हा कुणी रुसून बसलं असेल का, की सुधीर फडके आता सगळ्यांनाच माहीत झाले, मला आता गोडी राहिली नाही? असेलही म्हणा एखादी. तिनं रोजनिशीत लिहिलं असेल.

२०१९च्या शेवटी ओबामांनी आपल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत प्रतीक कुहाडचं 'कोल्ड/मेस' टाकलं तेव्हा सुप्रीची रूममेट दोन दिवस धुसफुसत होती. मी तिला हसले होते. मला हसणं सोपं होतं, तो माझा नव्हता ना.

आणि दुसरीकडे हिशोब बघावा तर तो फार रोखठोक आहे. स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केलाय, वर्षभरात हजाराच्या खाली ऐकलं गेलेलं गाणं असेल तर त्याचे पैसेच नाहीत. मी एकटी रिक्षात बसून ऐकणार, तेही एका कानानं. त्यात त्याचे गिटारच्या तारांचे पैसेसुद्धा सुटायचे नाहीत. तो मोजक्यांचाच राहावा, असं वाटणं म्हणजे त्यानं नोकरी धरावी आणि गाणं रविवारी म्हणावं, असं वाटणं. बाबांनी तेच केलं. रविवारी पेटी. पुढे रविवारीही नाही.

हे मला कळतं. कळून उपयोग शून्य. पोटात दुखतंय ते दुखतंयच.

परवा मी त्याला मेसेज केला होता, नवीन गाण्याबद्दल, चांगला लांबलचक. उत्तर आलं, इंग्रजीत, चार हृदयं आणि खाली "टीम" अशी सही. एकही चूक नव्हती.

आता पुढचं मला दिसतंय. महिन्याभरात संक्रांत, गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा, भरेल. होम मैदानावर पाळणे लागतील आणि त्या पाळण्यांवर जे वाजतं ते गाणं गावाचं झालं, ही आपल्याकडची खरी पावती. तिच्यापुढे कुठल्या यादीची मातब्बरी नाही. मौत का कुआँच्या तिकीट खिडकीशी, भज्यांच्या धुरात, तो पांढरी चारमध्ये ओरडत असणार. आणि मी जाणार, कारण दर वर्षी जाते, आणि भाग्यवान असेन तर पाळण्याच्या ऐन वरच्या टोकाला असताना तो माझ्या आवडत्या जागेवर येईल. त्या वेगात ती जागा लागतच नाही म्हणा, निसटून जाते. तरी मी खालच्या गर्दीला नक्की सांगेन की हे मी फार आधीपासून ऐकते. ऐकू कुणाला येणार?

हे लिहीत होते तर ओम्या आला. वही घेऊन. त्यांचं गॅदरिंग आहे, आणि त्यांनी म्हणे याच गाण्यावर लेझीम बसवलीय. लेझीम! त्या गाण्यावर! मी म्हटलं, मूळ गाण्यावर बसवा की. "नाही ना आत्या, ते रेंगाळतं, हात वर गेला की तिथंच अडकतो." त्यानं हॉलमध्ये उभं राहून करून दाखवलं. खरंच अडकतो. मूळ वेगात दुसऱ्या ठोक्याला हात नुसता लोंबतो. मग सव्वापट लावून केलं, तर पाय, छनछनाट, वाकणं, सगळं नेमकं पडलं. वहिनी पोळ्या सोडून बघायला आली. मी मात्रा मोजून दिल्या, दोन ठिकाणी त्याचा पाय चुकत होता तो सुधारला. डाव्या पायानं उचलायचं, उजव्यानं नाही, हे तिसरीतल्या माझ्या लेझीमच्या बाईंनी इतकं घटवून घेतलंय की जन्मात विसरणार नाही.

पण नाच तीन मिनिटांचा आहे आणि त्याच्याकडे गाणं आहे पंधरा सेकंदांचं. सरांनी सांगितलंय, नाचणाऱ्यांनी सगळं म्हणायचं पण. "आत्या, बाकीचे शब्द सांग की. तुला येतात ना सगळे?"

येतात. सांगितले. त्यानं पेन्सिलीनं लिहून घेतले, हिंदी शब्द मराठी वळणानं, जागोजागी चुका. एक कडवं झालं, दुसरं झालं. दुसऱ्यातली तिसरी ओळ मी गाळली आणि पुढची सांगितली. ती त्याला मिळायची नाही. मात्रा तशाही बसतात तिच्याशिवाय, मी मोजून बघितल्या.