सीटची उंची, वेडी बाभूळ आणि सोलापूरचं ऊन

कामावर जायला सायकल काढली ती जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत. सोलापुरात हाच हिशेब जमतो. ऊन तापायच्या आत पायांना दोन महिने सवय मिळते. मे महिन्यात हौसेने सुरुवात केली तर आठ दिवसांत सायकल पुन्हा जिन्याखाली.

सीट आधी नीट लावून घ्यावी. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून पायडल मारताना तो आपोआप किंचित वाकलेला राहतो. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे, मागून ओढला तर वर. फरक पाच-पाच मिलिमीटरनेच करायचा. सीटच्या दांडीवरच्या खुणेपेक्षा दांडी वर काढू नये, वाकते. पाय जमिनीला टेकावेत म्हणून दुकानदार सीट खालीच लावून देतात. तिथेच निम्म्या लोकांचे गुडघे जातात.

पहिले दोन आठवडे रोज चार-पाच किलोमीटर, बारा-तेराच्या वेगाने. बोलताना धाप लागत नसेल तर वेग बरोबर. उड्डाणपूल चढायच्या आधीच गिअर हलका करायचा. चढावर जोर देत बदलला की चेन कडकडते, कधी उतरतेही.

खरी परीक्षा पंक्चरची. तुळजापूर रोडने हिप्परग्याकडे निघालं की कडेला वेडी बाभूळ, आणि वाऱ्याने तिचे काटे डांबरावर. ट्यूब काढली की पॅचची घाई नको. आधी टायरच्या आतून जुनं फडकं गोल फिरवायचं. काटा असेल तिथे ते अडकतं. टोक आतच राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पंक्चर, आणि शिव्या पॅचला. ट्यूब पॉलिश पेपरने घासायची, सोल्युशन पातळ लावून चार-पाच मिनिटं वाळू द्यायचं, हाताला चिकटेनासं झालं की पॅच दाबायचा. ओल्यावर लावलेला पॅच उन्हात सुटतो. शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधू नका. हवा कमी होती, खड्ड्यात ट्यूब रिमने चिमटली.

‘उन्हात हवा कमीच ठेवा’ हे सगळे सांगतात. पटत नाही. 26 बाय 1.95 इंचाच्या टायरमध्ये 45 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरली आणि टायर वीस अंशांनी तापला, तरी दाब चारेक पीएसआयच वाढतो. उन्हात ट्यूब फुटतात त्या चिरलेल्या जुन्या टायरमुळे किंवा रिमवरची पट्टी सरकल्यामुळे. टायरच्या कडेला छापलेल्या आकड्यांत राहा, आठवड्यातून एकदा हवा तपासा.

एप्रिलपासून साडेसातच्या आत पोचायचं. परतीला सूर्य कलल्यावर निघायचं, तेव्हाही रस्ता तापलेलाच असतो. पाण्याची बाटली दांड्यावर हवी. पाठीवरच्या सॅकमध्ये असली की काढायचा कंटाळा येतो.